आठ मार्चची दुरुस्ती

डेलियाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या कडेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तो ते वाऱ्यापासून असं काही जपत होता की बघणाऱ्याला वाटावं, लेकराला ताप चढलाय.

त्र्याण्णव सालच्या मार्चमधला पहिला मंगळवार. डोंगरावरून चिनूक सुटला होता. आमच्या बोल्डर गावचा तो उबदार, वेडा वारा एका दुपारीत अंगणातला सगळा बर्फ चाटूनपुसून खातो आणि जाता जाता शेजाऱ्याचं कचऱ्याचं पिंप आपल्या दारात आणून ठेवतो. डेलिया आर्चुलेटा एका हाताने केस आणि दुसऱ्या हाताने ती काम करायची त्या हवामान-संशोधन संस्थेचं काचेचं दार धरून उभी होती. तोंडात बरिटोचा शेवटचा घास होता, हिरव्या मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं होतं, आणि नेमका तेव्हाच तो समोर आला.

"डॉक्टर कुठे बसतात?" त्याने धापा टाकत विचारलं.

"दवाखाना दोन चौक खाली," ती घास गिळत म्हणाली. "पण आधी आत या... लेकराला वारा लागेल."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने गोधडीचं टोक बाजूला केलं. आत करड्या रंगाचा, कोपरे झिजलेला एक जुना संगणक होता.

"हिचं नाव बर्था," तो गंभीरपणे म्हणाला. "गेल्या महिन्यात इथले प्रोग्रॅम बसवले, तेव्हापासून वेड्यासारखं बरळतेय. मला हिच्या डॉक्टरांना, डी. आर्चुलेटांना भेटायचंय. तीन पत्रं पाठवली त्यांना."

ती तीन पत्रं डेलियाला चांगलीच आठवत होती. चूक कळवणारी शहाणी माणसं चार ओळी लिहितात. कुठलं मशीन, काय केलं, काय झालं. या इसमाने प्रत्येक वेळी तीन-तीन पानं लिहिली होती, त्यात हवा कशी होती हे होतं, सकाळी काय खाल्लं हे होतं, आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसणाऱ्या एका कोल्ह्याचा सविस्तर वृत्तान्त होता. चूक सापडायची शेवटच्या परिच्छेदात.

"म्हणजे ते कोल्हेवाले तुम्ही!"

"आणि 'कृपया थोडक्यात लिहावे' असं उत्तर पाठवणाऱ्या... तुम्ही?"

तेवढ्यात वाऱ्याने दार तिच्या हातातून हिसकावलं, तिने ते पाठीने अडवलं, आणि तो बर्थाला छातीशी धरून तिच्या अगदी जवळून आत शिरला. त्याच्या कोटाला लाकडाच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. डेलियाला उगीचच हसू आलं.

त्याचं नाव एमेट क्विस्ट. वर, झाडं संपतात तिथे, बर्फ मोजणारं एक छोटं संशोधन केंद्र आहे. हिवाळाभर तो तिथे एकटा राहायचा. नऊ खांब रोवलेले, प्रत्येकावर बर्फाची खोली टिपणारी यंत्रं, आणि ती सगळी मापं गोळा करून फायलीत ठेवणारी ही बर्था. बर्था बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तशी मशीनं जगात फारतर दहा-बारा उरली असतील, आणि त्यातली निम्मी कुंड्या ठेवायला वापरात होती.

डेलियाचं काम म्हटलं तर सोपं होतं. शास्त्रज्ञांनी घेतलेली मापं, मग ती समुद्राची असोत, ढगांची की बर्फाची, अशा रीतीने फायलीत ठेवायची की एका मशीनवर लिहिलेली फाईल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडली तरी तेच आकडे दिसावेत. हे करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या संचाला सगळे 'लायब्ररी' म्हणायचे. गोम एवढीच, की मशीनं माणसांइतकीच हट्टी असतात. एखादा मोठा आकडा तुकडे करून ठेवताना कुणी डावीकडून मांडतं, कुणी उजवीकडून, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच रीत खरी. त्यांच्यात समेट घडवता घडवता डेलियाची चार वर्षं गेली होती.

तिच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा कागद होता. त्यावर एकोणीस मशीनांची नावं होती, शेवटचं बर्थाच्या जातीचं. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी प्रत्येक मशीनवर चाचणी पास झालीच पाहिजे. झाली तर हिरवी खूण, नाहीतर त्या नावावर हॅरिएट लाल रेघ मारायची, आणि ते मशीन कायमचं वाऱ्यावर. हॅरिएट म्हणजे विभागाची मुख्य. साठीला आलेली, बैठकीत मोजे विणणारी, आणि विणता विणता समोरच्याच्या चुकीवर नेमकं बोट ठेवणारी बाई.

"एकतीस मार्च," हॅरिएटने बर्थाकडे चष्म्यावरून बघत सांगितलं. "तोवर झालं तर झालं. नाहीतर या आजीबाईंना राम राम."

"तसं झालं तर केंद्र बंद करतील," एमेट हळूच म्हणाला. "नव्या मशीनला पैसे नाहीत. बेचाळीस वर्षांची मापं आहेत, एकही हिवाळा चुकला नाही."

"मग मशीन इथेच ठेवून जा," डेलिया म्हणाली. "मी बघते."

"कधी येऊ?"

"मंगळवार, शुक्रवार या." दोनदा कशाला सांगितलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

तो शुक्रवारी आला. बर्थासाठी पुसायचं फडकं आणि डेलियासाठी पाइनच्या बियांची कॉफी घेऊन आला.

"लाच देताय?"

"छे! दरवळ चांगला असला की हिची तब्येत सुधारते."

"आणि कॉफी पिणार मी."

"तुमचीही सुधारली तर माझी हरकत नाही."

डेलियाची आई दक्षिणेकडच्या खोऱ्यात राहायची आणि दर महिन्याला बडीशेप घातलेली बिस्किटं पाठवायची. तो डबा एरवी कुलपात असायचा. त्या दिवशी तो टेबलावर आला. एमेटने सात बिस्किटं खाल्ली आणि प्रत्येक वेळी 'ही शेवटची' म्हणाला. बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याला कोल्ह्याबद्दल विचारलं की तो थांबायचाच नाही, आणि डेलियाला आता ते थोडक्यात नको होतं.

निघताना मात्र तो दारात घुटमळला.

"चूक सापडली की मी हिला घेऊन जाईन. मग बर्फ वितळेपर्यंत खाली उतरायला काही निमित्त नाही... जून उजाडेल."

"जून काय, येईलच," ती म्हणाली. आणि तो गेल्यावर बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

चूक सोमवारी सकाळी सापडली. आठ मार्चला.

बर्थाच्या फाईलमधली वर्षं, महिने, खांबांचे क्रमांक, सगळं दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित दिसत होतं. बर्फाची खोली मात्र चंद्राच्याही पलीकडे गेली होती. दोन मीटर चौदाचे कोट्यवधी मीटर! कारण बर्थाबाई पूर्णांक डावीकडून मांडायच्या आणि अपूर्णांक उजवीकडून. एकाच घरात दोन रीती. लायब्ररी सुरुवातीला मशीनला एकदाच विचारायची, तुझी मांडणी कुठली? तेही फक्त पूर्णांकांची. अपूर्णांकांचीही तीच असणार, हे कुणीतरी गृहीत धरलं होतं. ते कुणीतरी कोण, हे बघायला डेलियाने जुनी नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि नाव तिचंच.

तिचे कान गरम झाले. मग हसू आलं. सहा ओळी बदलल्या की काम संपत होतं. तिने बदलल्या.

हॅरिएटच्या राज्यात चूक करायची मुभा होती. पण दुरुस्ती करून नोंद न करायची नव्हती. तारीख, नाव आणि एक खरं वाक्य, त्याच दिवशी बदलांच्या नोंदवहीत. ही नोंदवही म्हणजे लायब्ररीबरोबर जाणारी एक लांबलचक फाईल. ती जगभर जायची आणि जगात कुणीही ती वाचायचं नाही. डेलियाने लिहिलं: 'आठ मार्च. डी. आर्चुलेटा. अपूर्णांकांची मांडणी पूर्णांकांसारखीच असते असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. आता लायब्ररी ते वेगळं विचारते.'

दुसऱ्या दिवशी त्याला आनंदाने सांगायचं तिने ठरवलं होतं. तो आला. केसांत बर्फाचे कण, हातात कागदी पुडा, आणि चेहऱ्यावर तिला पाहिल्याबरोबर पसरलेलं ते हसू.

"सापडली?"

"अजून..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अजून नाही."

जीभच घसरली म्हणायची. शुक्रवारी सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. शुक्रवारी तो आला तेव्हा ती म्हणाली, "थोडं अवघड दिसतंय." पुढच्या मंगळवारी, "ही तुझी बर्था भारी लबाड आहे हं!" लबाड कोण होतं, ते डेलियाला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दोन दिवसांच्या मधले दिवस तिला आता नुसते भरताड वाटायचे. ती त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला लागली होती. आणि चाचण्यांचे निकाल वाचताना एकटीच हसायची. शेजारच्या टेबलावरचे लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे.

सव्वीस तारखेच्या शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या नाकाची सालं निघाली होती. ओठ फुटले होते.

"हे काय करून घेतलंस?"

"काही नाही गं. बर्था इथे, मग मापं कोण घेणार? सकाळ-संध्याकाळ मीच स्कीवर जातो. नऊ खांब, हातात पट्टी. ऊन बर्फावरून तोंडावर येतं, त्याला काय करणार?"

"रोज? दोनदा?"

"बेचाळीस वर्षांत खंड नाही. माझ्या हातून कसा पडू देऊ?"

त्याच्या हातातल्या बिस्किटाकडे तिला बघवेना. तिच्या एका 'अजून नाही'पायी हा माणूस अठरा दिवस वाऱ्या-उन्हात चढउतार करत होता. ती तेव्हाच सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तो सहज म्हणाला, "तू एवढी खपतेयस माझ्यासाठी... मला कसंतरीच होतं बघ." आणि तिने नुसता बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

शनिवार-रविवार तिने तोंड वाकडं करून काढले. सोमवारी सकाळी तिने नोंदवही उघडली. बुधवारी आवृत्ती बाहेर पडणार, ती साठवलेली टेप नोंदवहीसकट एमेटच्या हातात जाणार, आणि हा बाबा कोल्ह्याच्या पावलांचे ठसेसुद्धा मोजणारा! नोंदवही वाचली तर? आठ मार्च. तिथे अठ्ठावीस करायला एकच कळ दाबायची होती. कुणाला कळलं नसतं. तिने बोट कळीवर ठेवलं... आणि उचललं. चार वर्षांत तिने त्या वहीत एक शब्द खोटा लिहिला नव्हता. त्याच्याशी पाच वेळा खोटं बोलली तेवढं पुरे झालं.

मागे सुया वाजल्या. हॅरिएट कधीपासून उभी होती कोण जाणे.

"बर्थाची ओळ रिकामी आहे, पोरी."

"हो... उद्या करते."

"दुरुस्ती आठ तारखेची. आज एकोणतीस." हॅरिएटने टाका मोजला. "मी नोंदवही रोज वाचते. या इमारतीत तेवढा एकच छंद परवडतो."

डेलियाने मान खाली घातली. "मी त्याला सांगितलं नाही."

"ते सगळ्या मजल्याला कळलंय. चाचणी पास झाली का?"

"केली नाही. केली असती तर मशीन परत द्यावं लागलं असतं."

"मग उद्या गाडी काढ, आजीबाईंना त्यांच्या घरी पोचव, तिथेच चाचणी कर आणि तिथेच काय ते तोंडाने सांग." हॅरिएट दाराशी थांबली. "शिव्या खाव्या लागल्या तर खा. मी खाल्ल्या होत्या. नंतर त्याच माणसाशी लग्न केलं."

मंगळवारी, तो खाली उतरायच्या आत, डेलिया वर पोचली. बर्था मागच्या सीटवर गोधडीत. रस्ता संपल्यावर बर्फात गुडघाभर रुतत, मशीन पोटाशी धरून तिने शेवटचा चढ चढला. एमेट दारातच होता, एका पायात स्की.

"तू? आज मी येणार होतो!"

"बोलू नकोस. आधी हिला लावू दे."

आत शेगडी पेटलेली होती, पायरीवर कोल्हा नव्हता. डेलियाने बर्था जोडली, चाचणी चालवली. पडद्यावर ओळी सरकत गेल्या. पास. पास. पास. शेवटची ओळ आली: दोन मीटर चौदा. चंद्र आपल्या जागी, बर्फ आपल्या जागी. एमेटने टाळी वाजवली. डेलिया मात्र वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"एमेट, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही. हे आज झालेलं नाही. आठ तारखेला झालंय. चूक माझीच होती, दोन वर्षांपूर्वीची. मी ती दुरुस्त केली आणि तुला सांगितलं नाही. पाच वेळा विचारलंस, पाच वेळा खोटं बोलले. कारण... सापडली म्हटलं की तू जाणार होतास. आणि मला तू जायला नको होतास. तुझं नाक माझ्यामुळे सोललंय. आता काय बोलायचं ते बोल."

त्याने फळीवरून मापांची वही काढली, पानं उलटली आणि तिच्यापुढे धरली. खांब, वेळ, वारा, खोली. बारीक, नेटकं अक्षर. आणि समासात, पेन्सिलीने:

'१६ मार्च. डे. म्हणाली, बर्था लबाड आहे. कान लाल. खिडकीकडे पाहिलं.'

'१९ मार्च. खोटं, क्रमांक चार. बिस्किटं नऊ.'

'२३ मार्च. खोटं, क्रमांक पाच. हे फारच गोड होतं.'

'२६ मार्च. सांगायला निघाली होती. मी घाबरून भलतंच बोललो.'

डेलियाने ते दोनदा वाचलं. "तुला... माहीत होतं?"

"बारा तारखेला हॅरिएटने मला नोंदवहीची प्रत छापून दिली. इथे हिवाळ्यात वाचायला काय असतं? सूपच्या डब्यांवरचा मजकूर माझा पाठ आहे. ती नोंदवही मी पहिल्या पानापासून वाचली. त्या रात्री झोप नाही आली. म्हटलं, ही विसरली का? मला खेळवतेय का? की..." तो अडखळला. "म्हणून मग मोजायला लागलो. मला दुसरं काही येत नाही."

"आणि अठरा दिवस स्कीवर चढउतार करत राहिलास? हातात पट्टी घेऊन?"

"मशीन मागितलं असतं तर तू दिलं असतंस. मग मंगळवारी मी कुणाकडे गेलो असतो?"

"अरे मूर्खा!" तिने वही त्याच्या छातीवर आपटली. रडताही येईना, हसूही आवरेना. "मी तीन आठवडे अपराधाने मरतेय, आणि हा गृहस्थ समासात माझे कान रंगवतोय!"

"लालच होते," तो हळूच म्हणाला. "आत्ताही आहेत."

बाहेर वारा पडला होता. कुठेतरी छपरावरून बर्फ घसरला. एमेटने तिचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले, आणि एरवी तीन-तीन पानं लिहिणारा तो माणूस एवढंच म्हणाला, "डेलिया, मला तू आवडतेस. फार."

"मलाही," ती म्हणाली. "आठ तारखेच्याही आधीपासून."

त्याच्या सोललेल्या नाकाला जपून तिने त्याचं चुंबन घेतलं. तरी तो 'आई गं' म्हणालाच.

बुधवारी आवृत्ती बाहेर पडली. एकोणिसाव्या नावापुढे हॅरिएटने स्वतःच्या हाताने हिरवी खूण केली.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, अकराच्या सुमारास, ओळखीची गाडी खाली येऊन थांबली. एमेट जिना चढून आला. हातात मशीन नव्हतं, डिस्क नव्हती, कॉफीसुद्धा नव्हती. तो खोलीच्या मधोमध हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा राहिला. सगळ्या टेबलांवरचं काम थांबलं.

हॅरिएटने विणकामातून मान वर केली. "काय बिघडलंय, क्विस्ट?"

"काही नाही."

"मापं बरोबर येतात?"

"तंतोतंत."

"मशीन?"

"ठणठणीत आहे."

"मग आलास कशाला?"

तो तोंड उघडणार, इतक्यात डेलिया उठली. तिने आपल्या शेजारची खुर्ची ओढली, वरचे कागद उचलून खाली ठेवले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझ्याकडे आलाय."